शील्ड येईपर्यंतचं व्रत

"बायको घरात आली, की चढाईवाल्याचा दम अर्धा होतो."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. ओसरीवर बसलेल्या दोन माणसांचं ते आपसातलं बोलणं. पण कंपनीच्या नव्या क्वार्टरमधली मधली भिंत छपराच्या हातभर खालीच संपत होती, आणि मी त्या भिंतीला लागून चहा गाळत होते. घरात आलेली बायको म्हणजे मी. चढाईवाला म्हणजे आमचे हे. आणि दम अर्धा करायला मला तोवर मिळाले होते एकूण आठ दिवस.

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फडताळातल्या रिकाम्या डब्यांसारखे ते साठत जातात. एक टाकून द्यावा म्हणून उघडावा, तर त्याच्या पोटात दुसरा निघतो. माझ्याकडचे सगळे एकाच संघाचे आणि एकाच हंगामातले आहेत. बोलणाऱ्या बाईसमोर पुरुष जरा सावध असतात. न बोलणारीसमोर ते वाट्टेल ते करतात. त्यामुळं माझा साठा मोठा आहे.

* * *

आधी संघाचं सांगते. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि पिंपरीत कारखाने नुकते उगवायला लागले होते. स्टेशनाच्या बाजूला निर्वासितांच्या कॅम्पातली दुकानं, इकडं कंपनीची चिमणी, आणि मधे नुसता माळ. आमच्या कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरना कामगारांच्या कबड्डी स्पर्धेचं शील्ड हवं होतं. शील्ड तयार मिळत नाही, म्हणून त्यांनी खेळाडू तयार आणले. चाकण, खेड, मावळ अशा गावागावांतून सात गडी निवडून हजेरीपटावर घेतले. कागदावर हेल्पर, मैदानावर खेळाडू. सकाळी चार तास कामाला, उरलेला दिवस मातीत. पगार खेळण्याचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त म्हणायचं नव्हतं.

ओसरीवरचे दोघे म्हणजे कॅप्टन गणपतराव आणि म्हादू. गणपतराव चाकणजवळच्या गावचे, चाळिशीला आलेले, झुपकेदार मिशांचे. त्यांच्या पकडीत सापडलेला गडी सुटत नाही अशी ख्याती होती. बोलण्यात सापडलेलाही सुटत नसे. म्हादू बिनलग्नाचा, दाराएवढा रुंद, आणि सगळा विचार पोटानं करणारा.

गणपतराव त्याला समजावत होते, की कबड्डी हा मारुतीचा खेळ आहे, आणि मारुतीनं काही लग्न केलं नाही.

"पर कॅप्टन," म्हादू म्हणाला, "मारुती कबड्डी कवा खेळला?"

कॅप्टननी त्याला चहा पी म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटून झाल्यावर कॅप्टननी मैदानावर सगळ्यांना शपथ घातली. शील्ड येईपर्यंत लग्न झालेल्या एकाही गड्यानं घरी झोपायचं नाही. सगळ्यांनी मैदानाच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडात मारुतीच्या तसबिरीखाली राहायचं. जो मोडेल त्याचं संघातून नाव जाईल. संघातून नाव गेलं की हजेरीपटावरून जायला वेळ लागत नव्हता, आणि क्वार्टर त्याच्या मागोमाग जायची.

आमचे हे घरी आले. ट्रंकेतून घोंगडी काढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कॅप्टनचा शब्द आहे."

मी म्हटलं, "हं."

जेठात लग्न झालं. आषाढात मी माहेरी. नंतर सासरी, भरल्या घरात, जिथं नवऱ्याशी बोलायचं तर सासूबाईंच्या देखत. घटस्थापनेला आम्हांला आमचं असं घर मिळालं, आणि दसऱ्याला नवरा घोंगडी घेऊन शेडात राहायला गेला. आईला पत्रात काय लिहावं याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी लिहिलं, 'इकडे सर्व ठीक. मैदान घराजवळच आहे.'

* * *

व्रत बायकांपासून लांब राहायचं होतं, बायकांच्या स्वयंपाकापासून नव्हे. हा बारकावा कॅप्टननी पहिल्याच संध्याकाळी उलगडून सांगितला. कॅन्टीनच्या जेवणानं पकड ढिली होते असं त्यांचं मत होतं. तेव्हा पीठ कंपनीचं, हात माझे, आणि रोज सात पुरुषांच्या भाकऱ्या.

मात्र टोपली घेऊन मी शेडापर्यंत यायचं नाही. मैदान आखायचा चुना उरला होता, तो घेऊन कॅप्टननी शेड आणि आमचं घर यांच्या मधोमध, कडुलिंबाखाली, एक पांढरी रेघ ओढली. मी टोपली रेघेवर ठेवायची आणि मागं फिरायचं. मी दारात पोचले की पलीकडून कुणीतरी येऊन ती उचलणार. आमच्या गावाकडं राखणीच्या कुत्र्याला आम्ही याहून जवळून भाकरी घालत होतो.

पाचव्या दिवशी झुणका चांगला झाला असावा. टोपली ठेवून मी चुलीपुढं येऊन बसते तोच बाहेरून 'कबड्डी कबड्डी कबड्डी' असा घोष ऐकू आला, आणि दारात म्हादू. छाती फुगलेली, डोळे बाहेर आलेले, तोंडाचा जप चालू. त्यानं परातीतल्या दोन भाकऱ्या उचलल्या, झुणक्याचं पातेलं उचललं, आणि जप न तोडता रेघेपलीकडं धूम ठोकली.

कॅप्टननी त्याला रेघेवरच धरलं. पहिल्याच आठवड्यात बाईमाणसाच्या दारात गेलास म्हणून झाडायला लागले. म्हादूनं आधी पातेलं नीट खाली ठेवलं, मग श्वास घेतला.

"मोडलं कसं? दम चालू व्हता की. मी चढाईवर हाय, कॅप्टन. चढाईवरचा गडी पलीकडच्या अंगणात जायाचाच."

कॅप्टननी त्याला सोडलं. माणूस नियमाचा पक्का. कबड्डीत चढाई करणारा गडी एका श्वासात जप करत दुसऱ्यांच्या हद्दीत जातो, आणि दम तुटायच्या आत परत आला तर जगला, नाही तर बाद. हे तर खरंच. संध्याकाळभर सात जाणत्या पुरुषांची त्यावर पंचायत बसली. सकाळी निकाल लागला. दम चालू असेल तर रेघ ओलांडायला हरकत नाही. दम तुटला तर गडी बाद, म्हणजे त्या दिवशी उपाशी.

पातेलं घासायला माझ्याकडंच आलं.

* * *

पहिला सामना खडकीला झाला आणि आम्ही तो हरलो. कसा हरलो ते मला नळावर कळलं. सगळ्या बातम्या तिथंच यायच्या.

गावाकडं तोवर सगळे हुतूतूच म्हणत. स्पर्धेत मात्र नवे नियम. जप 'कबड्डी'चाच करायचा. म्हादू चढाईला गेला, दोघांना शिवला, आणि परत फिरताना आनंदाच्या भरात जुन्या सवयीनं 'हुतूतू' करत आला. पंचांनी शिट्टी वाजवून त्यालाच बाद केलं. कॅप्टननी पंचांशी भांडण काढलं, की तोंडातला वारा एकच आहे, नाव कुठलंही घ्या. पंच पुण्याचे होते. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. कॅप्टननी ते वाचता येत नसल्याचं न दाखवता परत केलं.

दोष कुणाचा हे ठरवायला संघ शेडात बसला. बराच खल झाल्यावर असं निघालं, की सकाळी ट्रक सुटताना मी डोक्यावरून न्हाऊन, केस मोकळे सोडून खिडकीत उभी होते.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी आमची खिडकी बंद असायची. नियम घोकून घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

* * *

वेल्फेअर ऑफिसर साहेब उन्हातसुद्धा टाय लावून मैदानावर यायचे. हरल्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते हातात एक विलायती मासिक घेऊन आले आणि सातही जणांना गोल बसवून त्यातले फोटो दाखवले. अमेरिकेतल्या कुठल्याशा संघानं त्या हंगामाची चॅम्पियनशिप जिंकली होती. एकेक गडी कपाटासारखा. डोक्याला टोप, आणि खांदे असे, की दारातून आडवं वळून जावं लागेल. एकजण पोटाशी चेंडू धरून पळतोय आणि तिघे त्याच्या अंगावर पडलेत. आपल्याच खेळासारखा खेळ आहे, साहेब म्हणाले. तिथल्या गड्यांना खेळण्याचाच पगार मिळतो, हे सांगताना त्यांचा आवाज आदरानं भरून आला. समोर बसलेल्यांनाही तेच मिळत होतं, पण ते उघड्या अंगानं मातीत बसले होते.

या खेळाला फुटबॉल म्हणतात, असंही साहेबांनी सांगितलं.

"मग चेंडू हातात का धरलाय?" म्हादूनं विचारलं.

"मुद्दा चेंडूचा नाही," साहेब म्हणाले. "खांद्यांचा आहे."

कॅम्पातल्या शिंप्याकडून सात जाड बंड्या शिवून आल्या. खांद्यांत कापूस भरायचं काम माझ्याकडं. मी चौदा खांदे भरले. माझे दोन भाऊ गावात हुतूतू खेळायचे. धरायला जागा मिळू नये म्हणून अंगाला तेल चोळून उतरायचे, आणि त्यांच्याशी खेळणारेही तसेच. त्या खेळात आम्ही समोरच्याच्या मुठीत नेमका मावेल असा खांदा शिवून देत होतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

सामन्यात पहिल्याच चढाईला समोरच्या कोपऱ्यावरच्या गड्यानं म्हादूचा उजवा खांदा धरला. म्हादूनं हिसका दिला. म्हादू सुटला, खांदा तिकडंच राहिला. कापसाचा ढग उठला, आणि बघ्यांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, गादी फुटली!" पंचांनी खेळ थांबवून कापूस वेचायला लावला. मध्यंतरात सगळ्यांनी बंड्या काढून फेकल्या आणि उघड्या अंगानं खेळून सामना जिंकला.

त्या संध्याकाळी कॅप्टन रेघेवर उभे राहून मला ऐकू जाईल असं म्हणाले, की खांद्यांची कल्पना चांगली होती, वहिनींचे टाके कच्चे पडले.

तो कापूस मी वाया जाऊ दिला नाही. त्याची एक दुलई झाली. एका माणसाला पुरेल एवढी.

* * *

म्हादूनं मिळवलेली सवलत आमच्या ह्यांच्या ध्यानात यायला दोन आठवडे लागले. मैदानावर चपळ असणारी माणसं घराच्या बाबतीत मंदच असतात.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. कडुलिंबाकडून जप ऐकू आला. म्हादूचा नव्हे, आवाज बारीक, एका लयीतला. बघते तर हे. नळापर्यंत आले, दम संपत आला तसे फिरले आणि पळत रेघेपलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी पायरीपर्यंत. आठवड्यानं दारापर्यंत.

दारात उभे राहायचे. तोंडानं कबड्डी कबड्डी. दुसरा शब्द बोलले तर दम तुटणार, आणि शेडाच्या दारात कॅप्टन कान लावून बसलेले. मीही काय बोलणार? कबड्डी कबड्डी म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर देतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी भाकरी थापत त्यांच्याकडं बघायची, ते जप करत माझ्याकडं बघायचे. आमच्या लग्नातलं सुरुवातीचं सगळं बोलणं एकाच शब्दात झालं.

घड्याळ घरात नव्हतं. माझं माप भाकरीचं. दिवाळीनंतर ते दारात उभे राहिल्यापासून परत फिरेपर्यंत माझा गोळा निम्मा थापून व्हायचा. मार्गशीर्षात अख्खी भाकरी थापून व्हायला लागली. एकदा त्यांच्या मुठीत शेवंतीची वेणी होती. उंबऱ्यावर ठेवली आणि डोळ्यांनीच सांगितलं, घे. संक्रांतीच्या सुमाराला भाकरी तव्यावर पडून वरून पाणी फिरवून होईपर्यंत माणूस दारातून हलत नव्हता. परतीचा दम वर शिल्लक.

त्या दिवसांत एकदा कॅप्टन साहेबांना घेऊन रेघेपाशी आले आणि दारात उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बोट दाखवलं.

"बघा साहेब. याला म्हनत्यात ब्रह्मचर्य. दम कसा दुप्पट झालाय."

मी भाकरी उलटली.

* * *

कॅप्टननी स्वतःला कुठलीच सूट दिली नव्हती. उलट त्यांनी आपली बाज शेडाच्या दारातच आडवी टाकली होती, म्हणजे कुणाला बाहेर पडायचं तर त्यांना ओलांडून जावं लागेल. फक्त शनिवारी दुपारी ते चाकणला जायचे. घरचं कांद्याचं रान होतं; लिलावाला मालक जातीनं हवा, म्हणायचे. सोमवारी सकाळी पहिल्या भोंग्याला हजर. येताना न चुकता एक पिशवी रेघेवर ठेवलेली.

"वहिनी, घरचा कांदा!"

एका सोमवारी मी पिशवी रिकामी केली, तर तोंडाला बांधलेली सुतळी ओळखीची वाटली. निळ्या धाग्याची, दुहेरी गाठीची. कॅम्पातल्या ज्या दुकानातून मी शुक्रवारी कांदे आणले होते त्या दुकानदाराची गाठ. माझ्या पिशवीची सुतळी खिळ्याला टांगलेलीच होती. शेजारी धरून बघितली.

चाकणला कांद्याचे डोंगर लागतात, सगळा मुलूख तिथून कांदा नेतो. आणि तिथला मालक दोन दिवस चाकणला राहून परत येताना पिंपरी कॅम्पात कांदे विकत घेतो. तेव्हा लिलावाकडं फिरकायलाही त्याला सवड झालेली नसणार.

मी कांदे चिरले. डोळ्यांना पाणी आलं. कांद्याची एवढी सोय असते.

* * *

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॅप्टनची बायको एसटीनं पिंपरीला आली. हौसाक्का. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. दोन मुलींची आई, अंगानं भरलेली, आणि हसरी. बोलायच्या आधीच तिचे डोळे हसायला लागायचे. रेघ ओलांडायची नाही हे तिला ठाऊक असावं. शेडाकडं न बघता ती थेट माझ्याकडं आली.

"तूच व्हय ती? तुज्या भाकरीचं लई कौतिक ऐकलंय."

मी चहा पुढं केला. तिनं कप बाजूला सारला. तिळगुळाची वडी हातात घेऊन नुसतीच बसली. मी तीळ भाजायला घेतले तशी ती पदर नाकाला लावून मोरीकडं गेली. परत आली आणि फडताळाकडं बघत म्हणाली, "चिंच हाय का गं? नुसती दे. मीठ नको लावू."

मी चिंच दिली. ती बी चोखत बसली. मी पदराआड बोटं धरली आणि दसऱ्यापासून महिने मोजायला लागले.

हौसाक्कानं ते बघितलं.

"मोजू नगस, पोरी," ती म्हणाली. "आन् शील्ड येईस्तोवर कुनाला बोलू नगस. व्रत हाय त्यांचं."

मग ती हसायला लागली, आणि तिच्या मागोमाग मी. त्या घरात मी मोठ्यानं हसले ती पहिली वेळ. बाहेर नळावरच्या बायका बघायला लागल्या. शेडाच्या दारातून कॅप्टननी काय झालं म्हणून विचारलं, तर हौसाक्कानं इथूनच ओरडून सांगितलं, की कांद्याचं बोलतोय.

* * *

अंतिम सामना शिमग्यानंतर झाला. बायकांनी मैदानावर यायचं नाही हा कॅप्टनचा नियम होताच. पण साहेबांच्या बाईसाहेबांना सामना बघायचा होता आणि एकटं बसायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला गाडीत घालून नेलं. बाईसाहेबांना नाही म्हणण्याचा नियम कॅप्टनकडं नव्हता. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हादूच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हादूनं माझ्याकडं बघून हात जोडले. मी ते केस बांधल्याबद्दलचे आभार समजले.

शेवटची चढाई आली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते. चढाईला आमचे हे. समोर चौघे उभे. ह्यांनी एकाला शिवलं आणि वळले, तोच दुसऱ्यानं घोटा धरला, तिसरा कमरेवर पडला, चौथा पाठीवर. हे छातीवर आपटले. मधली रेघ दोन हातांवर. तिघांच्या खालून आवाज येत होता, कबड्डी कबड्डी, बारीक, एका लयीतला.

बाईसाहेबांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "आता संपलाच याचा श्वास."

मला माहीत होतं, संपला नव्हता. मी मनातल्या मनात गोळा घेतला. थापायला लागले. हे वीतभर सरकले. भाकरी परातीतून उचलली. आणखी वीतभर. तव्यावर टाकली. बघे उठून उभे राहिले होते. नुसता तो जप. वरून पाणी फिरवलं. उलटायला हात घातला, आणि ह्यांची बोटं रेघेला लागली.

शिवलेला एक आणि धरणारे तीन, चौघेही बाद. पंचांनी हात वर केला.

म्हादूनं ह्यांना खांद्यावर घेतलं. हार मात्र कॅप्टनच्या गळ्यात पडला, आणि त्यांनी वाकून तो आधी मारुतीच्या तसबिरीला दाखवला. तसबीर ते बरोबर घेऊन आले होते. ह्यांच्या छातीची सालटी निघाली होती. खांद्यावरून ते गर्दीत काहीतरी शोधत होते. मी पदर सारखा केला.

* * *

रविवारी दुपारी शेडापुढं जेवण. साहेब, बाईसाहेब, सगळा संघ, चार-दोन खात्यांचे फोरमन. तेव्हा रेघ नव्हती. होळीच्या पाण्यानं अर्धी गेली होती आणि उरलेली मी सकाळी झाडू मारताना काढली होती. मधे टेबलावर शील्ड. माझ्या दारातून मला ह्यांची घोंगडीसुद्धा दिसत होती. गुंडाळून, दोरीनं बांधून त्यांनी ती कडुलिंबाच्या बुंध्याशी, घराच्या बाजूला, आणून ठेवली होती. मीही सकाळी दुलईला कापसाची जोड देऊन ती रुंद केली होती.

कॅप्टन बोलायला उभे राहिले. आधी कंपनीचे आभार, मग साहेबांचे. मग म्हणाले, की हे शील्ड ताकदीनं आलेलं नाही. हे संयमानं आलं. साडेपाच महिने यातल्या एकाही गड्यानं बायकोचं तोंड धड बघितलं नाही, म्हणून तो शेवटचा दम पुरला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फोरमननी वाजवल्या. गणपतरावांच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटतं, त्यांचा स्वतःवर खरंच विश्वास बसला होता.

"तवा आता असं ठरवलंय," ते म्हणाले. "दिवाळीनंतर मुंबईला मोठी स्पर्धा हाय. ते शील्डबी आपलंच. तवर ह्येच व्रत चालू. या रं, शील्डवर हात ठिवा समद्यांनी."

मी वाढायला उभी होते. ह्यांच्याकडं बघितलं. ते कडुलिंबाकडं बघत होते, घोंगडीकडं. मग उठले, आणि इतर जसे चालले होते तसे टेबलाकडं चालायला लागले. कॅप्टनचा शब्द होता. सात हात शील्डवर यायला लागले. सगळ्यांत वर, सगळ्यांत जड, कॅप्टनचा.

"वहिनींचं काय म्हननं?" म्हादूनं भाकरी मागता मागता गमतीनं विचारलं. "का त्यांस्नी बोलताच येत न्हाई?"

सगळे हसले. कॅप्टन म्हणाले, की न बोलणारी बायको मिळायला भाग्य लागतं.

शील्ड तर आलं होतं. हौसाक्काला दिलेला शब्द तेवढ्यापुरताच होता. मी टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि कॅप्टनकडं बघून म्हटलं, "भावोजी, व्रत खुशाल चालू ठेवा. फक्त वैशाखात हौसाक्कांचं डोहाळजेवण आहे, त्याला कांदे किती लागतील तेवढं आत्ताच सांगा. कॅम्पातून मीच आणून ठेवते."